एका शिलिंगात सिम्फनी ऐकवणारे हेन्री वूड

लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये दर उन्हाळ्यात ‘प्रॉम्स’ ही मैफलींची मालिका होते. खुर्ची न घेता उभं राहून ऐकणाऱ्यांना तिथे आजही स्वस्तात प्रवेश मिळतो. ही प्रथा १८९५ साली सुरू झाली. तेव्हापासून मरेपर्यंत, म्हणजे जवळपास पन्नास वर्षं, ती सांभाळणारे संगीत संचालक होते सर हेन्री वूड.

वूड यांचा जन्म ३ मार्च १८६९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील दुकानदार आणि हौशी चेलोवादक. वूड लहानपणीच चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागले, पुढे रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकले आणि ऑपेरा कंपन्यांचे वाद्यवृंद सांभाळू लागले.

त्या काळी सिम्फनी ही पैसेवाल्यांची गोष्ट मानली जायची. क्वीन्स हॉलचे व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन यांना हे बदलायचं होतं. आधी लोकांच्या ओळखीचं सोपं संगीत द्यायचं आणि हळूहळू जड रचनांची गोडी लावायची, असा त्यांचा बेत होता. संचालक म्हणून त्यांनी २६ वर्षांच्या वूड यांना निवडलं.

पण पैसा कुठून आणायचा? तो दिला घशाचे डॉक्टर जॉर्ज कॅथकार्ट यांनी. त्यांची एक अट होती. इंग्लंडमधले वाद्यवृंद तेव्हा फार चढ्या सुरात लावले जायचे आणि त्याने गायकांच्या गळ्यावर ताण यायचा. तो सूर खाली आणायचा, ही ती अट.

१० ऑगस्ट १८९५ रोजी पहिली मैफल झाली. उभ्याने ऐकण्याचं तिकीट एक शिलिंग, तर पूर्ण हंगामाचा पास एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. ऐकता ऐकता खाणं, पिणं, धूम्रपान सगळं चालायचं. वूड हळूहळू कार्यक्रम बदलत गेले. सोमवार वाग्नरचा आणि शुक्रवार बेथोव्हेनचा, असे वार लोकांना पाठ झाले.

वूड यांचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते ‘बदली’ पद्धतीवरून. वादक तालमीला एकाला पाठवायचा, मैफलीला दुसऱ्यालाच. दुसरीकडे जास्त पैसे मिळाले की स्वतः तिकडे जायचा. १९०४ मध्ये हे बंद झालं. चिडून सुमारे चाळीस वादक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला. तोच आजचा प्रसिद्ध लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा! वूड मात्र मागे हटले नाहीत. उरलेल्यांत नव्यांची भर घालून त्यांनी हंगाम चालू ठेवले.

१९१२ मध्ये त्यांनी शोनबर्गच्या पाच रचना पहिल्यांदा लोकांसमोर आणल्या, तेव्हा श्रोत्यांनी शिट्ट्या मारून नापसंती दाखवली. १९१३ मध्ये त्यांनी वाद्यवृंदात महिलांना घेतलं, तेही पुरुषांइतक्याच पगारावर. पहिल्या महायुद्धात जर्मन संगीत बंद करण्याची मागणी झाली, पण बेथोव्हेन आणि वाग्नर कार्यक्रमात राहिले.

पैशांचं संकट मात्र सुटत नव्हतं. न्यूमन यांचं दिवाळं निघालं, मग बँकर एडगर स्पेयर यांनी भार उचलला, नंतर चॅपेल कंपनीने. शेवटी १९२७ मध्ये बीबीसीने प्रॉम्स हाती घेतले आणि रेडिओमुळे ते घराघरांत पोचले.

मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळून खाक झाला. सत्तरी ओलांडलेल्या वूड यांनी त्याच उन्हाळ्यात हंगाम अल्बर्ट हॉलमध्ये नेला. १९ ऑगस्ट १९४४ रोजी, प्रॉम्सचं पन्नासावं वर्ष चालू असतानाच, त्यांचं निधन झालं.

क्वीन्स हॉलच्या ढिगाऱ्यातून वूड यांचा अर्धपुतळा शाबूत निघाला होता. आता दर हंगामात तो अल्बर्ट हॉलमध्ये ठेवतात आणि शेवटच्या रात्री उभ्याने ऐकणारे श्रोतेच त्याला हार घालतात.