लीबिग: झाडांचा बॉटलनेक सांगणारा केमिस्ट

फोनमध्ये रॅम १२ जीबी, प्रोसेसर एकदम नवा, पण नेटवर्कची एकच काडी. व्हिडिओ अडकणारच! रॅम वाढवून काही उपयोग नाही. आम्ही इंजिनिअर याला बॉटलनेक म्हणतो. झाडांच्या बाबतीत हाच नियम जगभर पोहोचवला युस्टुस फॉन लीबिगने.

जन्म १८०३ चा, जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये. वडील रंग आणि रसायनं विकायचे. १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं बुडाली, लोकांची उपासमार झाली. लीबिग तेव्हा १३ वर्षांचा होता. पुढे पॅरिसला शिकून तो २१ व्या वर्षी गीसन विद्यापीठात प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांनी लॅबमध्ये स्वतः प्रयोग करायचे, ही पद्धत त्याने तिथे रुजवली.

१८४० मध्ये त्याचं शेतीच्या रसायनशास्त्रावरचं पुस्तक आलं. तोवर अनेकांना वाटायचं की झाडं मातीतला कुजलेला पालापाचोळा खाऊन वाढतात. लीबिगचं म्हणणं, कार्बन हवेतून येतो आणि खनिजं मातीतून. त्यातलं जे सगळ्यात कमी पडतं, तेच वाढ ठरवतं. खरं तर कार्ल श्प्रेंगेलने हे आधीच मांडलं होतं. नाव मात्र लीबिगचं झालं.

मग त्याने स्वतःचं खत आणलं. पावसात वाहून जाऊ नये म्हणून ते असं बनवलं की पाण्यात नीट विरघळेचना. मग मुळांना काय मिळणार? शिवाय नायट्रोजन हवेतूनच पुरेसा मिळतो, असं तो धरून बसला. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट यांनी नायट्रोजन टाकून गव्हाचं उत्पन्न वाढवून दाखवलं. म्हणजे थिअरी भारी, प्रॉडक्ट फेल! मला तर ही गोष्ट एखाद्या स्टार्टअपची वाटते.

१८७३ मध्ये लीबिग गेला, नियम टिकला. १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियात पाइनच्या लागवडीतली कोवळी झाडं खुरटत होती. काही ठिकाणी कमी पडत होतं ते जस्त. ते दिल्यावर झाडं सुधारली.

म्हणून रोप वाढत नाही म्हटल्यावर लगेच युरियाची मूठ टाकू नका. कमी स्फुरदाची किंवा पाण्याची असेल, तर त्या युरियावर तणच माजेल आणि रोपाचं उरलंसुरलं पाणीही पळवेल. आधी माती तपासून घ्या. आमच्याकडेही तसंच असतं, आधी लॉग बघायचा, मग कोडला हात लावायचा.