वकिली सोडून क्रेनमागे लागलेला आर्मस्ट्राँग

आमच्या वर्कशॉपमागच्या शेडमध्ये एक जुनी फोर्कलिफ्ट कित्येक वर्षं गंजत पडली होती. फायनल इयरच्या एका ग्रुपने ती प्रोजेक्टला घेतली. सील बदलले, होज बदलले, मास्टच्या चेनला तेल पाजलं. पहिल्यांदा फोर्क वर गेले तेव्हा टाळ्या पडल्या. पण लिव्हर सोडला की अख्खी गाडी गचका खायची. हा गचका दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एका वकिलाने आवरला होता, असं सर म्हणाले आणि आम्ही हसलो. मग लायब्ररीत बसून त्या वकिलाचं चरित्र वाचलं. तो वकील म्हणजे विल्यम आर्मस्ट्राँग.

विल्यमचा जन्म २६ नोव्हेंबर १८१० रोजी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात झाला. वडील धान्याचे व्यापारी. पोराला यंत्रांचं वेड, पण वडिलांनी ठरवलं की तो वकील होणार. वडिलांचे एक वकील मित्र होते, त्यांच्या हाताखाली विल्यमची रवानगी झाली. आपल्याकडे घरच्यांच्या आग्रहाखातर इंजिनिअरिंगला आलेले पुष्कळ सापडतील. इथे गाडी नेमकी उलटी! विल्यमने कुरकुर न करता कायदा शिकला, १८३५ साली लग्न केलं, फर्ममध्ये भागीदार झाला. डोकं मात्र यंत्रातच.

त्याला मासेमारीचा भारी नाद. एकदा डोंगराळ भागात गळ टाकून बसला असताना त्याला संगमरवराच्या खाणीवरचं पाणचक्र दिसलं. पाणी उंचावरून येतंय, पण त्यातली थोडीच ताकद चाकाला मिळतेय आणि बाकीची वाया जातेय, हे त्याच्या लक्षात आलं. ही वाया जाणारी ताकद पकडायची कशी? त्याने पाण्यावर गोल फिरणारं एक इंजिन बनवून घेतलं. ते चाललं, पण कुणी विचारलं नाही. दुसरा असता तर गप्प कोर्टात गेला असता. याने फिरणाऱ्या इंजिनाचा नाद सोडला आणि सिलिंडर-पिस्टन धरला.

१८४५ मध्ये न्यूकॅसलला लांबच्या तलावांतून नळाने पाणी आणायची योजना निघाली. तिच्यातही आर्मस्ट्राँग होताच. शहराचा खालचा भाग नदीकाठी, त्यामुळे तिथल्या नळाला गरजेपेक्षा जास्त दाब येणार होता. त्या दाबावर धक्क्यावरची एक क्रेन चालवून दाखवतो, असं त्याने नगरपालिकेला सांगितलं. १८४६ मध्ये क्रेन चालली, आणि अशी चालली की आणखी क्रेन मागवल्या गेल्या.

तिची रचना आपण सेकंड इयरला शिकतो तीच. पाण्याचा दाब पिस्टनला ढकलतो, पिस्टनला पुल्या जोडलेल्या, त्यांवरून साखळी. पिस्टन थोडा सरकला की साखळी त्याच्या कितीतरी पट सरकते. फोर्कलिफ्टच्या मास्टमध्येही रॅम एक फूट वर गेला की फोर्क दोन फूट जातात. युक्ती तीच.

खरी मेख होती कंट्रोलमध्ये. पाणी दाबलं जात नाही. वजन घेऊन फिरणारी क्रेन व्हॉल्व्ह बंद करून एकदम थांबवली तर सगळा धक्का पाइप आणि सिलिंडरवर येणार. म्हणून त्याने रिलीफ व्हॉल्व्ह ठेवले. दाब मर्यादेबाहेर गेला की पाण्याला परत पुरवठ्याच्या पाइपात जायला वाट. क्रेन अलगद थांबू लागली. असं सांगतात की लिव्हरपूलच्या गोदीचे इंजिनिअर जेसी हार्टली यांचा या प्रकारावर विश्वास नव्हता. ते एकटेच न्यूकॅसलला जाऊन पाहून आले. तिथल्या क्रेनवाल्याला लोक हायड्रॉलिक जॅक म्हणत. त्याने ओझं असं लीलया खालीवर फिरवून दाखवलं की हार्टली गार झाले, आणि लिव्हरपूलची ऑर्डर आली.

१८४७ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, आर्मस्ट्राँगने वकिली सोडली आणि एल्स्विकला कारखाना काढला. पुढची अडचण वेगळीच. नळाला दाब नसेल तिथे काय? ग्रिम्सबीच्या बंदरात त्यासाठी ३०० फुटांहून उंच मनोरा बांधला गेला. पण हिशोब करा: १०० फूट पाण्याने दाब मिळतो जेमतेम ३ बार. आणि न्यू हॉलंडला तर जमीन वाळूची, मनोरा उभाच राहीना. तेव्हा त्याने उंचीच्या जागी वजन वापरलं. उभा सिलिंडर, त्यात प्लंजर, प्लंजरवर कित्येक टनांचं ओझं. पंप ते हळूहळू वर उचलतो, आणि गरज पडली की ते ओझं पाण्याला जोरात ढकलतं. दाब ६०० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे ४० बार! हाच हायड्रॉलिक ॲक्युम्युलेटर. पुढे न्यूकॅसलचा फिरता पूल १८७६ मध्ये आणि लंडनचा टॉवर ब्रिज १८९४ मध्ये याच तंत्रावर हलू लागला.

सगळं गोडगोडच होतं असं नाही. क्रायमियाच्या युद्धानंतर तो तोफांकडे वळला. पेटंट सरकारला देऊन टाकलं, १८५९ मध्ये सर झाला. पण नंतर त्याच्या कंपनीने अमेरिकेतल्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंना शस्त्रं विकली. १८७१ मध्ये न्यूकॅसलचे कामगार नऊ तासांच्या दिवसासाठी संपावर गेले, तेव्हा हा मालकांच्या बाजूने ताठ उभा राहिला. संप कामगारांनी जिंकला. पाण्याला वाट काढून देणाऱ्या माणसाला कामगारांचा दाब कळला नाही, हे वाचून वाईट वाटतं.

आणि याच माणसाने १८६३ मध्ये कोळसा एक दिवस संपणार, असं बजावलं होतं. क्रॅगसाइड या स्वतःच्या घरात त्याने १८७८ मध्ये तळ्याच्या पाण्यावर वीज करून दिवा लावला. २७ डिसेंबर १९०० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्याच घरी तो वारला.

आमच्या फोर्कलिफ्टचं काय झालं? रिलीफ व्हॉल्व्ह उघडला तर आत पोपडे अडकलेले, तो जागेवरून हलतच नव्हता. साफ केला, स्प्रिंग बदलली, दाब गेज लावून सेट केला. मग स्पूलच्या कडेला बारीक खाचा घेतल्या, म्हणजे तेल एकदम न तुटता हळूहळू बंद होईल. आता लिव्हर सोडला की फोर्क अलगद थांबतात. मित्रांनो, कधी शेडकडे गेलात तर स्वतः लिव्हर धरून बघा. आणि ब्रँच चुकली असं वाटून रूमवर तोंड पाडून बसला असाल, तर छत्तिसाव्या वर्षी कारखाना काढणाऱ्या त्या वकिलाला जरूर आठवा.