न्यायमूर्ती रानडे आणि परदेशी जाणारा माल (मराठी निबंध)



आपल्या वाळूजमध्ये बनलेल्या दुचाकी आज कितीतरी देशांत जातात. माल चांगला असला की तो परदेशात आपोआप खपतो, असं मुलांना वाटतं. पण कर, कर्ज, चलन हे घरचे नियमही तेवढेच महत्त्वाचे असतात. ही गोष्ट इंग्रजी राज्यात ज्यांनी अभ्यासाने मांडली, त्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची ओळख करून घेऊया.

रानडे यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी निफाड येथे झाला. शिक्षण कोल्हापूर आणि मुंबईत झालं. 1871 मध्ये ते न्यायाधीश म्हणून पुण्यात आले आणि सार्वजनिक सभेचे आधारस्तंभ बनले. बघा, नोकरी सरकारची आणि टीका सरकारच्याच धोरणांवर! त्याची किंमत त्यांनी मोजली. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडानंतर सरकारला त्यांचा संशय आला. त्यांची धुळ्याला बदली झाली, त्यांची पत्रंही तपासली जात.

तरी रानडे थांबले नाहीत. 1890 मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरली. तिथे त्यांनी जावा बेटाचं उदाहरण दिलं. तिथल्या डच सरकारने शेतकऱ्यांवर सक्ती केली, हे खरंच. पण साखर कारखान्यांना भांडवलही पुरवलं. आपण मात्र कच्चा कापूस विकून तयार कापड विकत घेत होतो. सरकारने इथल्या कारखानदारीला कर्जाचा आधार द्यावा, असं रानडे यांचं म्हणणं होतं.

1893 मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्याच वर्षी सरकारने टांकसाळीत लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं. त्यामुळे चांदीच्या मानाने रुपया महागला. मुंबईच्या गिरण्यांचं सूत चीनला जाई आणि चीनचा व्यवहार चांदीत चाले. साहजिकच तेच सूत तिथल्या व्यापाऱ्याला महाग पडू लागलं. गिरणी तीच, कामगार तेच. बदलला फक्त घरचा नियम.

1896 मध्ये लँकेशायरच्या दबावाखाली देशी गिरण्यांच्या कापडावर 3.5 टक्के कर बसला. रानडे 16 जानेवारी 1901 रोजी गेले. तो कर थांबायला 1925 साल उजाडलं.

वर्गात मुलांना एवढंच विचारा: मराठवाड्याचा कापूस बाहेर जातो तो गाठी होऊन की कापड होऊन? आणि असं का? उत्तर शोधताना रानडे त्यांना नक्की भेटतील.