कु. कॉर्नेलिया सोराबजी : एक चरित्र

आमच्या ज्ञातीतील ज्या कन्या आज कायद्याच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत आहेत, त्यांच्यापुढे व त्यांच्या पालकांपुढे आम्ही हे चरित्र आदरपूर्वक ठेवीत आहोत.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १८६६ साली नाशिक येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या. परंतु विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती स्त्री म्हणून त्यांना नाकारण्यात आली. तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल आदी हितचिंतकांनी निधी उभारला आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. बी.सी.एल. परीक्षेस बसण्याची मुभा विद्यापीठाच्या खास ठरावाने मिळवून १८९२ मध्ये त्यांनी ती दिली. पदवी मात्र तीस वर्षांनी हाती आली. कारण ऑक्सफर्डने स्त्रियांस पदव्या देण्यास १९२० मध्येच प्रारंभ केला.

मायदेशी त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल्एल.बी. व अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली, तरी सनद मिळेना. म्हणून खचून न जाता १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे राहून त्यांनी पडदानशीन स्त्रियांचे हक्क राखले. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिली खुली झाली, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. १९५४ साली लंडन येथे त्या निवर्तल्या.

त्यांचा इंग्रजी राज्यावरील विश्वास आम्हांस मान्य नाही. त्यांची चिकाटी मात्र शिरोधार्य आहे. त्यांना परीक्षेपूर्वी परवानगीसाठी झगडावे लागले. आज तो अडसर कायद्यात नाही. तो आपल्या घरात राहू नये, एवढीच आमची विनंती.