शाहीर पठ्ठे बापूराव

शिमग्याच्या दिवसांत आपल्या पूर्णगडाच्या बाजूस नमन-खेळे होतात. त्यांतील गण व गौळण आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचीं आहेत. घाटावरील तमाशाचा आरंभही गण-गौळणीनेंच होतो. पुढें लावण्या व वग येतात. त्या तमाशास ज्यांनीं आपल्या प्रतिभेनें बहर आणिला, त्या पठ्ठे बापूरावांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचें मूळ नांव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचा जन्म ता. ११ नोव्हेंबर १८६६ रोजीं, हल्लींच्या सांगली जिल्ह्यांतील रेठरे हरणाक्ष या गांवीं झाला. घराणें ब्राह्मणाचें असून घरांत कुलकर्णीपणाचें वतन होतें. पहांटेस जात्यावर दळणाऱ्या बायांच्या ओव्या कानीं पडत, आणि त्या चालींवर हा मुलगा स्वतः पदें जुळवी. कांहीं इयत्तांपर्यंत इंग्रजी शिक्षणही झालें होतें. वतनाचें दप्तर संभाळून बसते, तर त्यांचें आयुष्य सुखानें गेलें असतें. परंतु त्यांचें मन गांवकुसाबाहेरील महार-मांग कलावंतांच्या फडांत रमलें.

त्या काळीं ब्राह्मणानें अशा लोकांत वावरणें हा अक्षम्य अपराध समजत. जातीनें त्यांस दूर लोटलें. त्यांनींही वतनावर पाणी सोडून तमाशा पत्करिला. पुढें संगमनेरजवळील हिवरगांवची पवळा ही महार समाजांतील गुणवती कलावंतीण त्यांच्या फडांत आली. बापूरावांची रचना व पवळेचा गळा यांचा संगम झाल्यावर मुंबईंत त्यांच्या खेळांस लोटणाऱ्या गर्दीस सीमा राहिली नाहीं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनींही त्यांचा गौरव केला. ‘मिठाराणी’ हा त्यांचा वग फार गाजला. त्यांनीं दोन लक्ष लावण्या रचिल्या अशी प्रसिद्धि आहे. छापून निघाल्या त्या त्या मानानें थोड्याच.

येथें एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. १९२७ सालीं महाडच्या सत्याग्रहासाठीं बापूरावांनीं आपल्या खेळांचें उत्पन्न देऊं केलें असतां डॉ. आंबेडकरांनीं तें घेतलें नाहीं, असें सांगतात. अस्पृश्य स्त्रियांस नाचवून मिळविलेला पैसा त्यांस नको होता. बापूरावांनीं जातीसाठीं सोसलें हें खरें. परंतु पवळेचें गाणें ऐकून माना डोलविणारे किती लोक तिला आपल्या ओटीवर बसवून घेते? ज्याच्या कलेनें आपण सुखावतों, त्या माणसाचा मान आपण राखितों काय, हा प्रश्न आम्हांस या चरित्रांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

उतारवयांत दैव फिरलें. पवळा दुरावली, फड मोडला, हातीं आलेलें द्रव्य हातींच विरलें. पवळा १९३९ सालीं निवर्तली. ज्यांच्या लावण्या हजारों मुखीं होत्या, ते बापूराव ता. २२ डिसेंबर १९४५ रोजीं पुण्यांत दारिद्र्यांत वारले.

त्यानंतर १९५० सालीं त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला. मुंबईच्या ज्या भागांत तमाशाचीं थिएटरें गजबजत, तेथील फॉकलंड रोडास त्यांचें नांव देण्यांत आलें. त्यांचा गण आजही तमाशाच्या आरंभीं म्हटला जातो. हा मान योग्यच आहे. परंतु त्यांच्या अखेरच्या दिवसांत कोणी त्यांच्या अन्नवस्त्राची काळजी वाहिली असती, तर तें अधिक योग्य झालें असतें. आपल्या गांवांतही नमनांत मृदंग वाजविणारे, गौळण गाणारे वृद्ध आहेत. विद्यार्थ्यांनीं त्यांचीं गाणीं तर शिकावींच. परंतु त्यांच्या घरीं जाऊन त्यांची विचारपूसही करावी.