माणसाच्या मापाची सायकल

सायकल चालवून गुडघे दुखायला लागले की आपण लगेच म्हणतो, स्टॅमिना संपला! पण खूपदा दोष सीटच्या उंचीचा असतो. हा फंडा ज्याने सव्वाशे वर्षांपूर्वीच मांडला, त्या जॉन केम्प स्टार्लीची ही ओळख. मेकॅनिकलवाल्यांनी तर वाचाच.

स्टार्लीचा जन्म १८५४ चा, लंडनजवळच्या वॉल्थमस्टोचा. वडील माळीकाम करायचे. १८७२ मध्ये तो कॉव्हेंट्रीला काका जेम्स स्टार्लींकडे कामाला गेला. काका म्हणजे सायकलच्या धंद्यातलं मोठं नाव. १८७८ मध्ये विल्यम सटन या सायकलवेड्या माणसाबरोबर त्याने स्वतःची कंपनी काढली.

त्या काळची सायकल म्हणजे पुढे अवाढव्य चाक, मागे पिटुकलं. पायडल थेट पुढच्या चाकाला. पायडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. स्पीड हवा तर चाक मोठं करा. पण किती मोठं? पाय पुरेल तेवढंच! म्हणजे बुटक्याने कायम मागेच राहायचं. वळायचंही त्याच चाकाने, त्यामुळे प्रत्येक पायडलला हातांनी हँडल आवरत बसावं लागे. आणि मध्ये दगड आला की स्वारी डोक्यावर.

स्टार्लीने सुरुवात माणसापासून केली. माणूस जमिनीपासून किती उंच हवा, पायडलपासून सीट कुठे हवी, कमीत कमी दमून जास्तीत जास्त जोर लावायला हँडल कुठे हवं, हे त्याने आधी ठरवलं. त्यातून १८८५ ची 'रोव्हर' आली. चेन मागच्या चाकाला, त्यामुळे गिअर दातांच्या संख्येवर ठरणार, पायाच्या लांबीवर नाही. सीट आणि हँडल दोन्ही अ‍ॅडजस्ट होणारी. १८९८ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये त्याने हा सगळा विचार पेपर वाचून मांडला.

आमच्या होस्टेलमध्ये सायकली सीनिअरकडून ज्युनिअरकडे येतात, सीट मात्र जिथल्या तिथे. सहा फुटी पोरगं गुडघे छातीला लावून पायडल मारतं! सीट खाली असली की गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. फार वर असली की कंबर डावी-उजवी हलते आणि बूड सोलवटतं. पायडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला हवा, पावलाचा पुढचा भाग पायडलवर हवा. जड गिअरवर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर भरभर पाय फिरवलेले गुडघ्याला सोसतात.

लहान चाकांमुळे रोव्हरला हादरे जास्त बसत. १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि तोही प्रश्न सुटला. १८९६ मध्ये कंपनीचं नाव 'रोव्हर सायकल कंपनी' झालं. पण १९०१ मध्ये, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी, स्टार्ली अचानक गेला. रोव्हरची पहिली मोटार १९०४ ची. ती त्याने पाहिलीच नाही. पुढे २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हरबरोबर हे नाव आपल्या टाटा मोटर्सकडे आलं. पोलंडमध्ये तर आजही सायकलला 'रोवेर'च म्हणतात.

आपण डिझाइनच्या सबमिशनमध्ये मशीनची सगळी डायमेन्शन्स लिहितो, ते वापरणाऱ्या माणसाची किती वेळा? मला तरी स्टार्लीकडून हेच शिकावंसं वाटतं. आणि हो, सीटचा नट ढिला करायला पाना लागतो, तो होस्टेलमध्ये कुणाकडे तरी नक्की असतो!