बार्शी ते लातूर : एव्हरर्ड काल्थ्रॉप यांचें चरित्र

पक्ष्याच्या उड्डाणानें मोजलें तर बार्शी ते लातूर हें अंतर सुमारें ६० मैल भरतें. ताशीं दोन मैल चालणाऱ्या बैलगाडीस हा पल्ला गांठण्यास निदान तीन दिवस लागावयाचे. पावसाळ्यांत काळ्या जमिनीचा चिखल झाला म्हणजे तर हिशेबच नको. हा प्रवास कांहीं तासांवर आणणाऱ्या पुरुषाचें नांव एव्हरर्ड रिचर्ड काल्थ्रॉप. आमच्या जिल्ह्यांतील येडशी, ढोकी, तडवळे या गांवांस आगगाडीचें दर्शन घडलें तें त्यांच्यामुळें.

काल्थ्रॉप यांचा जन्म इ. स. १८५७ मध्यें इंग्लंडांत झाला. स्टीफन्सन यांच्या कारखान्यांत व पुढें क्रू येथें उमेदवारी करून ते १८८२ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीवर हिंदुस्थानांत आले. बार्शी ही व्यापाराची मोठी पेठ. परंतु मुख्य रेल्वेचें स्टेशन बार्शी रोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, तेथून सुमारें २२ मैल दूर होतें. एवढ्यासाठीं रुंद रूळ घालणें परवडण्यासारखें नव्हतें. काल्थ्रॉप यांनीं अडीच फूट रुंदीचा मार्ग सुचविला. त्यांच्या योजनेचें मर्म वजनांत होतें. कोणत्याही एका आंसावर ५ टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं. ओझें वाढलें तर चाकें वाढवावयाचीं. मग हलके रूळ पुरतात आणि पुलांचा खर्चही उतरतो. गोष्ट सोपी दिसते खरी, पण सरकारची मान्यता मिळविण्यांत वर्षांमागून वर्षें गेलीं. १८९५ सालीं कंपनी स्थापन झाली व १८९७ मध्यें बार्शीस गाडी आली. निजामाच्या राज्यांतून पुढें जात हा मार्ग १९११ सालीं लातुरास पोहोंचला.

एवढ्यांत विमानाचें युग उजाडलें होतें. ताशीं १०० मैल वेगाच्या विमानास आमचे ६० मैल म्हणजे अवघ्या ३६ मिनिटांचें काम! मात्र १९१० मध्यें काल्थ्रॉप यांचे स्नेही चार्ल्स रोल्स विमान कोसळून मृत्यु पावले, आणि या अभियंत्याचें चित्त आगगाडीवरून उडून वैमानिकांच्या प्राणरक्षणाकडे लागलें. त्यांनीं ‘गार्डियन एंजल’ नांवाची हवाई छत्री सिद्ध केली. १९१७ सालीं लंडनच्या टॉवर ब्रिजवरून तिच्या साहाय्यानें उडी मारून दाखविण्यांत आली. तरीही छत्रीचें वजन व जागा यांची अडचण पुढें झाली, आणि पहिलें महायुद्ध संपेपर्यंत ब्रिटिश विमानचालकांस सर्रास छत्र्या मिळाल्या नाहींत. जे तरुण जळत्या विमानासह खालीं आले, त्यांतील कांहीं तरी वांचले असते असें आम्हांस वाटतें.

काल्थ्रॉप १९२७ मध्यें वारले. त्याच वर्षी त्यांचा मार्ग मिरजेपर्यंत जाऊन लातूर-मिरज मिळून २०२ मैलांचा झाला. इ. स. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर भागांत रुंद रूळ पडले. जुनी छोटी गाडी धाराशिव शहरास बाजूस टाकून जात असे; नवा मार्ग वळवून शहरावरून नेण्यांत आला.